जीवशास्त्राच्या सरांना पाचपैकी किती?

परीक्षेचे फॉर्म भरून झालेले असतात, जर्नलवर सह्या व्हायच्या असतात, इंटर्नलचे गुण अजून सरांच्या कपाटात असतात, आणि नेमक्या त्याच मुहूर्तावर महाराष्ट्रातल्या कॉलेजांना विद्यार्थ्यांचं मत जाणून घ्यावंसं वाटतं. वर्षभर ज्याचं मत 'ए मागचे, बडबड बंद' एवढ्यावर निकालात निघालेलं असतं, त्या बी.एस्सी.च्या मुलाच्या हाती एक फॉर्म येतो. प्राध्यापकांचं विषयज्ञान कसं आहे? पाचपैकी गुण द्या. आता विषय प्राणिशास्त्र. माइटोसिस आणि मायोसिस यांतला फरक या मुलाला परीक्षेच्या आदल्या रात्री समजतो आणि परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी उरत नाही. त्याने ठरवायचं की सरांना जनुकशास्त्र कितपत येतं. तो शेजाऱ्याकडे बघतो. शेजाऱ्याने चार दिलेले असतात, कारण त्याने पलीकडच्याचं पाहिलेलं असतं. पाच दिले तर चमचेगिरी वाटते, तीन दिले आणि अक्षर ओळखलं तर इंटर्नलला महागात पडतं. मग चार. अशा साठ चारांची सरासरी काढली की चार येते, आणि तिचा रंगीत स्तंभालेख काढून तो फाइलला लागतो.

या फाइलचं प्रयोजन सगळ्यांना ठाऊक आहे. 1994 मध्ये स्थापन झालेली बंगळूरची नॅक ही संस्था कॉलेजांचं मूल्यांकन करते, आणि 2017 च्या सुधारित चौकटीपासून विद्यार्थी समाधान सर्वेक्षण हा त्या मूल्यांकनाचा भाग झाला. प्रश्नावलीचा पहिलाच प्रश्न असा आहे की वर्गात किती टक्के अभ्यासक्रम शिकवून झाला. सर्वांत वरचा पर्याय 85 ते 100 टक्के, त्याच्या खालचा 70 ते 84. चौऱ्याऐंशी आणि पंचाऐंशी यांच्यामधली ही बारीक रेघ ज्याने ओळखायची, त्याला स्वतःला 75 टक्के हजेरी भरताना घाम फुटलेला असतो आणि शेवटचे दोन-चार टक्के डॉक्टरांच्या दाखल्यावर मिळालेले असतात. जो माणूस शंभरातल्या पंचवीस तासांना वर्गातच नव्हता, तो पंचाऐंशी टक्के पोर्शन शिकवून झाल्याची साक्ष देतो. कोर्टात असा साक्षीदार उभा राहिला तर उलटतपासणी घेणारा वकील आनंदाने रडेल.

इथवर वाचून प्राध्यापक मंडळी खूश झाली असतील तर त्यांनी जरा थांबावं. विद्यार्थ्यांना काही कळत नाही, असं मला म्हणायचंच नाही. त्यांना पुष्कळ कळतं, फक्त जे कळतं ते कोणी विचारत नाही आणि जे विचारलं जातं ते त्यांना कळण्याची सोय नाही, एवढीच माझी तक्रार आहे. पंगतीत बसलेल्याला वरणात मीठ कमी आहे हे पहिल्या घासाला समजतं. त्या वरणात प्रथिनं किती हे त्याला समजत नाही, आणि न समजण्यात त्याचा काही दोष नाही. आपण त्याला मिठाबद्दल विचारत नाही. प्रथिनांबद्दल विचारतो, तो घाबरून 'चार' म्हणतो, आणि तो चारचा आकडा आपण आचाऱ्याच्या नेमणुकीला जोडतो.

जीवशास्त्र शिकवणाऱ्याबद्दल विद्यार्थ्याने दिलेलं सर्वांत प्रसिद्ध मत तपासून पाहा. ते चार्ल्स डार्विनचं आहे. 1825 मध्ये सोळा वर्षांचा डार्विन डॉक्टर व्हायला एडिंबरा विद्यापीठात गेला आणि दोन वर्षांत डॉक्टरकी सोडून परत आला. पुढे म्हातारपणी, 1876 मध्ये, त्याने आत्मचरित्र लिहिलं आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या प्राध्यापकांचा हिशेब त्यात चुकता केला. औषधशास्त्राची व्याख्यानं हिवाळ्यात सकाळी आठ वाजता असत आणि त्यांची आठवणही त्याला नकोशी वाटे. शरीररचनेचे मन्रो हे स्वतः जितके नीरस तितकंच त्यांचं व्याख्यान. आणि निसर्गेतिहासाचे रॉबर्ट जेमसन, म्हणजे भूशास्त्र आणि प्राणिशास्त्र शिकवणारे, इतके कंटाळवाणे की आयुष्यात भूशास्त्राचं पुस्तक म्हणून हाती धरायचं नाही, असा त्याने निश्चयच केला. आजच्या फॉर्ममध्ये जेमसन यांना पाचपैकी एक मिळाला असता, तोही नाव लिहिल्याबद्दल.

आता या मताचे दोन भाग वेगळे करा. व्याख्यान कंटाळवाणं होतं हा पहिला भाग, आणि त्यावर शंका घ्यायला मला काही कारण दिसत नाही. कंटाळा आला की नाही हे ज्याला आला त्याच्याहून जास्त कोणाला माहीत असणार? या विषयात आपल्याला काही मिळवायचं नाही, हा दुसरा भाग. तो मात्र साफ चुकला. भूशास्त्राचं पुस्तक न वाचण्याची शपथ घेतलेला हा मुलगा 1831 मध्ये बीगल जहाजावर चढला तो लायेलचा भूशास्त्रावरचा ग्रंथ बरोबर घेऊन, 1838 मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीचा सचिव झाला, आणि प्रवाळबेटं, ज्वालामुखी बेटं व दक्षिण अमेरिका यांच्या भूशास्त्रावर त्याने स्वतःच तीन पुस्तकं लिहिली. शिवाय त्याच कंटाळवाण्या जेमसन यांनी उभारलेलं संग्रहालय आणि त्यांनीच स्थापन केलेली वर्नेरियन सोसायटी यांचा लाभ त्याने घेतला; तिथे त्याने पक्षिचित्रकार ऑडुबॉन यांना ऐकलं. पण फॉर्ममध्ये 'व्याख्यान नीरस, संग्रहालय उत्तम' असं लिहायला जागा कुठे असते? आणखी एक गंमत अशी की एडिंबऱ्यात ज्या शिक्षकाबद्दल डार्विनने मनापासून बरं लिहिलं, तो विद्यापीठाच्या पटावरच नव्हता. जॉन एडमनस्टन हा गुलामगिरीतून मुक्त झालेला, गयानाहून आलेला माणूस पैसे घेऊन पक्षी पेंढा भरून टिकवायला शिकवत असे. बीगलवर जी विद्या रोज कामाला आली ती त्याची. त्याच्यासाठी कोणी कधी फॉर्म छापला नाही.

आपल्याकडच्या जीवशास्त्राच्या वर्गात खरं मूल्यमापन चालतं ते फॉर्मच्या बाहेर, आणि त्याची दोन साधनं आहेत. पहिलं टोपणनाव. इतर विषयांत टोपणनावं बेतायला कल्पकता लागते; प्राणिशास्त्रात अभ्यासक्रमच ती पुरवतो. फायलम प्रोटोझोआपासून कॉर्डेटापर्यंत तयार यादी, प्रत्येक नावापुढे लक्षणं छापलेली. ठरलेला आकार नसलेल्या, जिकडे विभागप्रमुख तिकडे वाहणाऱ्या सरांना 'अमीबा' म्हणणारा मुलगा परीक्षेत अमीबाच्या छद्मपादांवर दोन ओळी लिहू शकत नसेल, पण निरीक्षण चोख असतं. हे नाव एका बॅचकडून दुसरीकडे जातं, चुकलं असेल तर टिकत नाही, आणि त्याला अंतर्गत गुणांची भीती नसते. दुसरं साधन म्हणजे सीनियरचा सल्ला: 'यांच्या लेक्चरला बस, त्यांच्या नुसत्या नोट्स घे, आणि मॅडमच्या प्रॅक्टिकलला एकदाही उशीर करू नकोस.' एका वाक्यात तीन शिक्षकांचं वर्गीकरण झालं. सर्वोच्च प्रशस्ती अर्थातच 'सर आयएमपी देतात', म्हणजे परीक्षेला येतील ते प्रश्न सांगून ठेवतात. त्यात शिकवण्याचा उल्लेख नाही, पण प्रामाणिकपणा आहे: विद्यार्थ्याला काय हवं होतं ते त्याने स्वच्छ सांगितलं. आपण मात्र त्याचा अर्थ 'अध्यापन प्रभावी' असा लावतो.

यावर एक आक्षेप ठरलेला असतो: ही पोरं अपरिपक्व आहेत म्हणून असं होतं, जाणत्या श्रोत्यांना पोकळ आणि भरीव यांतला फरक कळतो. हा आक्षेप 1970 मध्येच निकालात निघाला. कॅलिफोर्नियातल्या काही वैद्यकीय शिक्षकांनी मायकेल फॉक्स नावाच्या नटाला 'डॉ. फॉक्स' म्हणून उभं केलं, भारदस्त परिचय करून दिला आणि डॉक्टरांच्या शिक्षणात गणिती खेळ-सिद्धांताचा उपयोग या विषयावर व्याख्यान द्यायला लावलं. नटाला विषयाचा गंध नव्हता. परस्परविरोधी विधानं कर, मध्येच असंबद्ध काहीतरी बोल, नवे शब्द बनव, पण हसतखेळत, आत्मविश्वासाने आणि विनोद पेरत बोल, अशी त्याची तालीम घेतलेली होती. समोर मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, शिक्षणक्षेत्रातले अनुभवी लोक. व्याख्यान संपल्यावर त्यांनी फॉर्म भरले आणि बहुतेकांना ते आवडलं, विचाराला चालना देणारं वाटलं. 1973 मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला. म्हणजे साठ चारांच्या सरासरीवर हसणाऱ्या प्राध्यापकांनाही त्या सभागृहात बसवलं असतं तर सरासरी साडेचारवर गेली असती.

जीवशास्त्राच्या माणसाला यात आश्चर्य वाटायला नको, कारण तो दर वर्षी बेट्सचं अनुकरण शिकवतो. हेन्री बेट्सने 1862 मध्ये मांडलेली गोष्ट: काही फुलपाखरं बेचव किंवा विषारी असतात, पक्षी त्यांना एकदा चाखून कायमचे सोडतात, मग निरुपद्रवी जातीही तसेच रंग घेऊन वाचतात. हे बघायला ॲमेझॉनला जावं लागत नाही, सह्याद्रीतच दिसतं. कॉमन मॉर्मन फुलपाखराच्या माद्यांपैकी काही विषारी कॉमन रोजसारख्या दिसतात आणि पक्ष्यांना चकवतात. इथे मूल्यमापन करणारा पक्षी आहे. तो मूर्ख नाही. त्याची खूण बहुतेक वेळा बरोबरच असते, कारण लाल ठिपक्यांची बहुतेक फुलपाखरं खरोखर विषारी असतात. ओघवतं बोलणाऱ्या माणसाला विषय येत असण्याची शक्यता जास्त, ही विद्यार्थ्याची खूणही तशीच बरी आहे. अडचण पुढे येते. नकली वाढले की खूण निकामी होते. आणि ओघवतं बोलण्यालाच बढती मिळते हे एकदा शिक्षकांना कळलं की नकली वाढतात, त्यासाठी उत्क्रांतीइतका वेळही लागत नाही. एक रिफ्रेशर कोर्स पुरतो.

मतं किती स्वस्तात हलतात याचे पुरावे तर इतके आहेत की त्यांवर एक प्रॅक्टिकल ठेवता येईल. हार्वर्डमध्ये 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शिक्षकांच्या वर्गातल्या मूक चित्रफितींचे दहा-दहा सेकंदांचे तीन तुकडे अनोळखी लोकांना दाखवले. त्यांनी दिलेले गुण आणि त्या शिक्षकांना सत्र संपल्यावर स्वतःच्या विद्यार्थ्यांकडून मिळालेले गुण यांचा चांगलाच मेळ बसला. मूक चित्रफीत, हे लक्षात घ्या. म्हणजे सरांनी तोंड उघडून काय सांगितलं याचा संबंधच नाही. शिकागोत 2007 मध्ये फॉर्म भरण्याआधी काही वर्गांत चॉकलेट वाटलं. वाटणारा शिक्षक नव्हता, तरी शिक्षकाचे गुण वाढले. जर्मनीत वैद्यकीय विद्यार्थ्यांना चॉकलेट बिस्किटं दिली, तिथेही तेच. इटलीतल्या बोकोनी विद्यापीठाच्या आकडेवारीत पावसाळी दिवशी भरलेल्या फॉर्ममध्ये शिक्षकांना कमी गुण मिळालेले दिसले. आता इटलीतला पाऊस तो काय. कोकणातल्या एखाद्या कॉलेजात जुलैमध्ये फॉर्म भरून घेतले, तर अख्खा वनस्पतिशास्त्र विभाग बंद करावा लागेल.

पण यातला एक पुरावा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. नॉर्थ कॅरोलायनातल्या एका ऑनलाइन वर्गात दोन साहाय्यक शिक्षकांनी, एक पुरुष आणि एक स्त्री, आपली नावं काही गटांपुरती अदलाबदल केली. तपासलेला गृहपाठ सगळ्यांना एकाच वेळी परत गेला. तरी वेळेवर परत देण्याबद्दल पुरुषाच्या नावाला पाचपैकी 4.35 आणि स्त्रीच्या नावाला 3.55 मिळाले. विद्यार्थी चाळीसेकच होते, त्यामुळे एवढ्यावर मनोरा उभारू नये. पण फ्रान्समधल्या एका विद्यापीठाच्या हजारो फॉर्मांतही झुकाव पुरुषांकडेच निघाला. आपल्याकडची भाषाच ऐका. कडक सर 'शिस्तीचे', कडक मॅडम 'खडूस'. नोट्स देणारे सर 'हुशार', नोट्स देणाऱ्या मॅडम 'प्रेमळ'. जर्नल तपासून पंधरा दिवसांत दिलं तर सरांनी वेळात वेळ काढलेला असतो. मॅडमना काय, तेवढंच काम.

ज्यावर सगळी इमारत उभी आहे तो प्रश्न म्हणजे 'तुम्हाला किती शिकायला मिळालं?'. हा तरी विद्यार्थ्याला विचारता येईल असं वाटतं, कारण डोकं त्याचं आहे. इथेच मोठी फसगत आहे. हार्वर्डमध्येच भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाने गुळगुळीत व्याख्यान ऐकलं, दुसऱ्या गटाला तोच भाग स्वतः धडपडत सोडवायला लावला. चाचणीत धडपडणारे जास्त शिकलेले निघाले. पण 'आपण किती शिकलो' असं विचारल्यावर व्याख्यान ऐकणाऱ्यांनीच जास्त शिकल्याचं सांगितलं. कारण सरळ आहे. शिकताना त्रास होतो, आणि त्रास होतोय म्हणजे आपल्याला येत नाही असं वाटतं. क्रेब्स चक्र सरांनी फळ्यावर रंगीत खडूंनी काढलं की ते समजल्यासारखं वाटतं. कोऱ्या कागदावर स्वतः काढायला बसलं की सायट्रेटनंतर काय हे आठवत नाही. मग दोष कोणाचा? ज्यांनी कोरा कागद दिला त्या मॅडमचा.

अमेरिकेच्या हवाई दल अकादमीत तर हे मोठ्या प्रमाणावर तपासता आलं, कारण तिथे कोणता विद्यार्थी कोणत्या शिक्षकाकडे जाईल हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं आणि परीक्षा सगळ्यांना एकच असते. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की ज्या शिक्षकांचे विद्यार्थी त्या विषयात चांगले गुण मिळवत त्यांना फॉर्ममध्येही चांगले गुण मिळत, पण तेच विद्यार्थी पुढच्या, त्यावर आधारलेल्या विषयांत मागे पडत. म्हणजे आयएमपी पद्धतीवर अमेरिकन हवाई दलानेही संशोधन करून शिक्कामोर्तब केलं आहे.

आणि त्याच वर्षी, 2010 मध्ये, लुइझियाना स्टेट विद्यापीठात नेमकं जीवशास्त्राचंच प्रकरण झालं. विज्ञान शाखेत नसलेल्या विद्यार्थ्यांना प्राथमिक जीवशास्त्र शिकवणाऱ्या एका ज्येष्ठ प्राध्यापिका रोज तासाच्या सुरुवातीला छोटी चाचणी घेत आणि बहुपर्यायी प्रश्नाला चारऐवजी दहा पर्याय देत. आपल्याकडे चार पर्यायांत 'सी' ठोकून देण्याची जी थोर परंपरा आहे, ती दहा पर्यायांत टिकत नाही. पहिल्या परीक्षेत वर्गाचा धुव्वा उडाला. प्रशासनाने सत्राच्या मध्यावरच त्यांच्याकडून तो विषय काढून घेतला आणि पहिल्या परीक्षेचे गुण वाढवून दिले. दुसऱ्या परीक्षेत मात्र, त्यांच्याच हाताखाली, विद्यार्थ्यांची कामगिरी आधीच सुधारलेली होती. पहिला फटका बसल्यावर मुलं अभ्यास करायला लागली होती, आणि हे कळायच्या आत सगळ्यांची सुटका करण्यात आली. अमेरिकन प्राध्यापकांच्या संघटनेने 2012 मध्ये विद्यापीठावर ठपका ठेवला, पण त्यांपैकी किती मुलांना आज पेशीभित्तिका आठवते कोण जाणे.

इथे प्राध्यापकांच्या खोलीतून टाळ्या ऐकू येतील, आणि त्यांना उत्तर द्यायला हवं. ज्यांना कमी गुण पडतात असे काहीजण हे सगळं संशोधन वाचून मान ताठ करतात: मुलं मला वाईट म्हणतात, म्हणजे मी खोल शिकवतो! हा तर्क त्यांनी आपल्याच प्रॅक्टिकलमध्ये कोणाला करू दिला नसता. खोल शिकवणारे काहीजण नावडते असतात यावरून नावडते सगळे खोल शिकवतात असं होत नाही. वटवाघूळ उडतं म्हणून ते पक्षी होत नाही. जो माणूस वीस वर्षांपूर्वीच्या पिवळ्या वह्यांतून डोकं वर न काढता वाचून दाखवतो, त्याला मिळालेला एक गुण हा एकच गुण आहे, त्यात दडलेलं काही नाही. उलट डार्विनलाच केंब्रिजमध्ये हेन्स्लो यांची वनस्पतिशास्त्राची व्याख्यानं त्यांच्या स्पष्टपणामुळे आणि उत्तम चित्रांमुळे आवडली, आणि हेन्स्लो यांनीच त्याचं नाव बीगलसाठी सुचवलं. आवडणं आणि शिकणं यांचं वैर नाही. 2017 मधल्या एका मोठ्या फेरतपासणीत तर फॉर्ममधले गुण आणि प्रत्यक्ष शिकणं यांत जवळजवळ काही नातंच सापडलं नाही, सरळही नाही आणि उलटंही नाही. यात लोकप्रिय सरांनी मिरवण्यासारखं जितकं कमी आहे, तितकंच खडूस सरांनीही.

मग फॉर्म फाडून टाका, जाणकार सहकाऱ्यांनाच विचारा, असं म्हणणारे असतात. जाणकारांचा इतिहासही तपासावा. क्रेब्सने 1937 मध्ये आपल्या चक्राचा शोध 'नेचर'कडे पाठवला तर तिथून जागा नसल्याचं उत्तर आलं. 1953 मध्ये त्याच कामाला नोबेल मिळालं. इंग्लंडमध्ये ईटनच्या शाळेत 1949 मध्ये जॉन गर्डन या मुलाबद्दल त्याच्या जीवशास्त्राच्या शिक्षकाने लिहून दिलं की याचं वैज्ञानिक होण्याचं स्वप्न हास्यास्पद आहे. गर्डन यांना 2012 मध्ये नोबेल मिळालं आणि तो प्रगतिपुस्तकाचा कागद त्यांनी चौकटीत लावून टेबलाजवळ ठेवला होता. हे झाले परके. आपल्याकडचा सहकारी तर आणखी भला. तो शेजारच्या टेबलावर बसतो, त्याच भिशीत असतो, पुढच्या वर्षी त्याचाही अहवाल कोणीतरी लिहिणार असतो. त्यामुळे गोपनीय अहवालात 'उत्कृष्ट' हा शब्द छापूनच आलेला असावा असं वाटतं. सर तासाला येतच नाहीत, ही बातमी या पृथ्वीवर फक्त एकाच प्रकारच्या प्राण्याकडून मिळू शकते, आणि तो तिसऱ्या बाकावर बसतो. त्याला विचारणं बंद केलं तर कोणालाच काही कळणार नाही.

शिवाय हे मत सगळ्यांना सारखं लागत नाही. कायम झालेल्या, सातव्या वेतन आयोगावर स्थिरावलेल्या प्राध्यापकाला पाचपैकी अडीच पडले तर तो संध्याकाळचा चहा जरा कमी साखरेचा घेतो. पण महाराष्ट्रात जीवशास्त्राचे कितीतरी तास तासिका तत्त्वावरचे शिक्षक घेतात: पीएच.डी. झालेले, सेट-नेट उत्तीर्ण, तासावर पैसे, सुट्टीत शून्य, आणि जूनमध्ये पुन्हा नव्याने मुलाखत. निवडीचा दाब पडतो तो यांच्यावर. नैसर्गिक निवड शिकवणाऱ्याचीच निवड होते आहे, याहून चांगलं प्रात्यक्षिक कोणतं? अशा शिक्षकाने रोज चाचणी घ्यावी, दहा पर्याय द्यावेत, कोरा कागद पुढे करावा, अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करतो? तो आयएमपी देतो, आणि द्यायलाच हवेत. 2018 मध्ये कॅनडात टोरांटोच्या रायर्सन विद्यापीठाच्या वादात लवादाने निकाल दिला की अध्यापनाची परिणामकारकता मोजून बढती वा कायमपद ठरवायला हे फॉर्म वापरता येणार नाहीत. विद्यार्थ्याचा अनुभव कळायला ते चालतील. आमच्या तासिकावाल्यांना लवाद परवडत नाही.

तेव्हा विचाराच, पण ज्याचं उत्तर त्याच्याकडे आहे ते विचारा. सर वेळेवर येतात का? मागच्या बाकावर आवाज पोचतो का? फळ्यावरची आकृती दिसते का, की सर तिच्यासमोरच उभे राहतात? पीपीटी वाचून दाखवतात की बंद करून बोलतात? शंका विचारल्यावर उत्तर मिळतं की अपमान? प्रॅक्टिकलला सूक्ष्मदर्शकातून कांद्याच्या मुळाची स्लाइड तुम्ही स्वतः पाहिली, की पुढच्याची आकृती उतरवली? विच्छेदन तर विद्यापीठ अनुदान आयोगाने 2014 मध्ये बंदच केलं. त्याऐवजी तुमच्या हाताने काय केलं, की बेडकाचा तक्ता भिंतीवर आणि बेडूक सुखी? जर्नल कोणी वाचलं, की नुसता शिक्का उमटला? यांतल्या कशालाच पाचपैकी गुण लागत नाहीत. 'हो', 'नाही' आणि 'कधीकधी' पुरतं. विषयज्ञान, व्यासंग, संशोधन यांची पारख तो विषय जाणणाऱ्या बाहेरच्या माणसाने वर्गात मागे बसून करावी, आणि त्याने आदल्या दिवशी न कळवता यावं. कळवलं तर काय होतं हे नॅकच्या भेटीच्या आठवड्यात कुंड्यांना विचारावं.

आणि फॉर्मचा शेवटचा रिकामा चौकोन कोणीतरी खरंच वाचावा. नॅकच्या प्रश्नावलीतही शेवटी अशी जागा आहे, सुधारणेसाठी तीन सूचना लिहायची. वरच्या बहुतेक प्रश्नांना डोळे मिटून चार देणारी मुलं इथे एकदम जागी होतात. 'दुसऱ्या सूक्ष्मदर्शकाची ऑइल इमर्शन लेन्स बुरशीने गेली आहे.' 'म्युझियममधल्या बाटल्यांवरची नावं पुसली आहेत, सापसुरळीला साप म्हटल्यावर व्हायवात गुण कापले.' 'सर चांगले शिकवतात पण पंख्याच्या आवाजात ऐकू येत नाही.' वर सरांना संवादकौशल्यात साडेतीन का पडले, याचं उत्तर या तिसऱ्या ओळीत लिहिलेलं असतं. पण ती ओळ कृती अहवालात भौतिक सुविधांच्या रकान्यात जाते, साडेतीन सरांच्या फाइलला लागतात, आणि पुढच्या वर्षी सरांना संवादकौशल्याच्या कार्यशाळेला पाठवण्यात येतं. पंखा दुरुस्तीचं कोटेशन तेवढं प्राचार्यांच्या टेबलावर आहे, तीनपैकी एकाच विक्रेत्याचं असल्यामुळे परत आलेलं.